नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या महापौराच्या सहीला किंमत द्या

मा. उपमुख्यमंत्री तथा नगरविकास आणि गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीची. लग्न होऊन इथे आले त्याला २२ वर्षं झाली, सकाळची लोकल, येताना स्टेशनबाहेरची भाजी, दिवाळीत फडके रोड, असं इथल्या सगळ्यांसारखंच माझं आयुष्य आहे. कुठल्या पक्षाचं काम करत नाही. मंत्र्यांना पत्र वगैरे कधी लिहिलं नव्हतं, पण महापालिका निवडणुकीच्या आधी आमच्या सोसायटीत एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान होतं, त्याच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या पॅनलमधल्या, म्हणजे प्रभागातल्या, एक उमेदवार ताई सोसायटीत आल्या. त्यांच्या पक्षात महापौरपदासाठी त्यांचं नाव घेतलं जातंय असं त्यांच्यासोबतची पोरंच सांगत होती. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, चाळीसेक माणसं जमली. ताई चांगल्या बोलल्या, खरं सांगते. पाणी, कचरा, रस्ते हे तर होतंच पण घरांबद्दलही बोलल्या, की अनधिकृत बिल्डिंगमध्ये जे फसलेत त्यांना बेघर होऊ देणार नाही, जुन्या बिल्डिंगींसाठी क्लस्टर, म्हणजे एकत्र पुनर्विकास, आणू, आणि पालिकेचे निर्णय पालिकेतच झाले पाहिजेत, प्रत्येक गोष्टीसाठी मंत्रालयात का जायचं. टाळ्या पडल्या. मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले, रिटायर्ड आहेत, कमी बोलतात, त्यांनी एवढंच विचारलं की ताई, तुम्ही महापौर झालात तर आमच्या बिल्डिंगची ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, अडकलीये ती मिळेल का. ताई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, मी पाठपुरावा करेन, पण खोटं नाही बोलणार, सही आयुक्तांची लागते."

चाळीस माणसं एकदम गप्प झाली साहेब.

मला ताईंचा राग नाही आला, उलट त्यांच्याबद्दल आदर वाढला, कारण त्या खरं बोलल्या. महापालिकांचा १९४९ चा कायदा तसाच आहे ना. महापौर महासभेत अध्यक्षस्थानी बसणार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देणार, पण परवानगी, कारवाई, रोजचा कारभार हे सगळं आयुक्तांकडे आणि आयुक्तांना पाठवणार राज्य सरकार, म्हणजे तुमचंच खातं. महासभेने एखादा ठराव केलाच तर ४५१ कलमाखाली सरकार तो थांबवू शकतं. आणि महापौराची मुदत अडीच वर्षं, म्हणजे खुर्ची कळायला सहा महिने, शेवटचे सहा महिने पुढचं कोण याच्या चर्चेत, मधे उरलं काय. तुम्ही स्वतः १९९७ ला ठाणे महापालिकेत नगरसेवक म्हणून निवडून आलात, प्रभागातल्या माणसाला गटार तुंबलं तरी नगरसेवकच आठवतो हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहावंसं वाटलं.

आणि आम्ही डोंबिवलीकर तर नगरसेवकालाही मुकलो होतो. आमच्या कल्याण-डोंबिवली पालिकेची आधीची निवडणूक नोव्हेंबर २०१५ ची, मुदत संपली नोव्हेंबर २०२० ला, तिथून पुढे पाच वर्षं प्रशासक. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर सहावीत गेलं पण पालिकेत आमचा एकही माणूस नव्हता. कोविड गेला, रस्ते काँक्रीटचे झाले, बजेटं आली नि गेली, सगळं एका खुर्चीतून. त्या खुर्चीतली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाहीये, काहींनी मन लावून काम केलं, पण त्यांना निवडून कोणी दिलं होतं, त्यांना पाडणार कोण होतं?

आता निवडणूक झाली ती सुद्धा कशी, तर एका पॅनलमध्ये चार-चार नगरसेवक, चौघांना मतं द्या आणि नंतर खड्डा पडला की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार. काही जागांवर तर बिनविरोध झालं, तिथल्या लोकांना त्या जागेसाठी बटण दाबायलाच मिळालं नाही. आणि महापौरपद कोणत्या प्रवर्गाला जाणार याची सोडत मतदान झाल्यावर निघाली. म्हणजे मत देताना आम्हाला माहीतच नव्हतं की आमचा महापौर कोण होऊ शकतो आणि कोण नाही. आमच्या ताईंना स्वतःला तरी कुठे माहीत होतं. आरक्षण हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही, पण चिठ्ठी आधी काढली असती तर प्रत्येक पक्षाला आपला उमेदवार लोकांसमोर उभा करून सांगावं लागलं असतं की ही व्यक्ती महापौर होणार, घरांबद्दल तिचं म्हणणं हे आहे, बघा पटतंय का. तेच झालं नाही.

इथून लोकलने अर्ध्या तासावर बदलापूर. तिथे नगरपरिषद आहे, तिथल्या लोकांनी डिसेंबर २०२५ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडला. थेट निवडणुकीचा तो निर्णय तुम्हीच मुख्यमंत्री असताना २०२२ मध्ये परत आणला होता. मग बदलापूरच्या माणसाला जे समजतं ते डोंबिवलीच्या माणसाला समजत नाही का? १९९८ मध्ये मुंबई-नागपूरला महापौर परिषद आणली होती, महापौराला खरे अधिकार दिले होते, ते नीट रुजायच्या आतच गुंडाळलं. तेव्हाच्या चुका सुधारून परत करता येणार नाही असं काही आहे का त्यात?

तुम्ही म्हणाल की घरांचा आणि याचा काय संबंध. तेच सांगायला एवढं लिहिलं.

आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. कुठे राहतात ते लिहीत नाही, त्यांना त्रास नको. दोघं नवराबायको नि मुलगा मिळून कमावतात, गावची थोडी जमीन विकली आणि चार वर्षांपूर्वी वन आरके घेतला. मागच्या वर्षी एक दिवस आल्या त्या प्लास्टिकची पिशवी घेऊनच, कणीक मळायच्या आधी म्हणाल्या, ताई हे वाचून दाखवा. पिशवीत फाईल, फाईलमध्ये सगळं ओळीने लावलेलं. ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, स्टॅम्प ड्युटीची पावती, लोन मंजूर झाल्याचं पत्र, घरपट्टीची बिलं, लाईट बिल, आणि रेराच्या, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीच्या, नंबरची कलर झेरॉक्स, तिला वेगळं प्लास्टिकचं कव्हर. आणि सगळ्यात वर नोटीस. इमारत अनधिकृत, रिकामी करा. दारावर चिकटवलेली, मावशींनी ती वाफ देऊन अलगद काढली होती, फाटू नये म्हणून. मला म्हणाल्या, "सरकारी कागद आहे ना, फाडायचा कसा."

मी तो कागद हातात घेऊन बसले आणि काय बोलावं सुचेना. कारण या बाईने काय चुकवलं होतं? कागद एकही चुकवला नव्हता. स्टॅम्प ड्युटी सरकारने घेतली, घरपट्टी पालिकेने घेतली, बँकेने हप्ता घेतला. तिघांनी पैसे घेतले आणि तिघांपैकी एकाने पण सांगितलं नाही की बाई, या बिल्डिंगला परवानगीच नाहीये.

ही एका मावशींची गोष्ट, पण कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बिल्डिंगी तर सगळ्या राज्याला माहीत आहेत. बांधकाम परवानगीची खोटी कागदपत्रं बनवली, ती जोडून महारेराचे नंबर मिळवले, त्या नंबरवर फ्लॅट विकले. एका आर्किटेक्टने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून बाहेर आलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. रेरा २०१७ ला आला तेव्हा सरकारनेच आम्हाला शिकवलं की घर घेताना रेराचा नंबर बघा, नंबर असेल तर निर्धास्त रहा. लोकांनी नंबर बघितला. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्ही चौकशी करायला हवी होती?

आता आमच्या ताईंचं म्हणणं की कोणाला बेघर होऊ देणार नाही. भावना चांगली आहे, मला पण तसंच वाटतं. पण सरसकट सगळं नियमित करून टाका याला माझा विरोध आहे, आणि हे मी मावशींसमोर पण बोलले. एप्रिल २०१३ मध्ये शीळ-डायघरला लकी कंपाउंडची बिल्डिंग पडली, ७४ माणसं गेली, ती पण अनधिकृतच, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला बिल्डिंग कोसळली, १७ जण गेले. कागदावर शिक्का मारला म्हणून कॉलममधलं सिमेंट वाढत नाही. आणि दरवेळी अमुक तारखेपर्यंतची बांधकामं माफ असं केलं, जसं ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांचं केलं, की बांधणारा काय समजतो, तर आत्ता उठवा, पुढची तारीख येईलच. पाडायचं म्हटलं तर नालासोपाऱ्याचं बघितलंच आपण, डम्पिंग आणि सांडपाणी प्रकल्पाच्या आरक्षित जागेवरच्या ४१ बिल्डिंगी २०२४-२५ मध्ये तोडल्या. बायका रस्त्यावर भांडी घेऊन बसलेल्या टीव्हीवर बघितल्या मी, त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्यांनी बांधल्या ते कुठे होते त्या दिवशी?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं पहिला स्लॅब टाकतात तेव्हा थांबवता येतं, सातवा टाकल्यावर नाही. आणि पहिला स्लॅब कोण बघतो? समोरचा दुकानदार बघतो, पलीकडच्या चाळीतली बाई बघते. तिला माहीत असतं की इथे काल खेळाचं मैदान होतं आणि आज खड्डा खणलाय. पण तिने सांगायचं कोणाला? वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला की आवक नंबर मिळतो, उत्तर मिळत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्रात क्षेत्रसभेचा कायदा झालाय. गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा, मतदारांनी बसायचं, नगरसेवकाने उत्तरं द्यायची. कायदा होऊन सोळा-सतरा वर्षं झाली. मी इथे २२ वर्षं राहते, मला एकदाही बोलावणं आलं नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांना हा शब्दच माहीत नव्हता.

तर साहेब, माझं मागणं असं आहे. क्षेत्रसभा सुरू करायला लावा, दर तीन महिन्यांनी, आणि तिथे त्या भागातल्या चालू बांधकामांची यादी मोठ्याने वाचली जाऊ दे, सर्व्हे नंबर, परवानगीचा नंबर, किती मजले मंजूर, आणि त्या भागाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं नाव. हीच यादी मराठीत, फोनवर दिसेल अशी, आणि साईटवरच्या बोर्डावर पण. मावशी वाचू शकत नसतील तर त्यांचा मुलगा वाचेल. परवानगी खरी आहे असं पालिकेकडून थेट कळल्याशिवाय फ्लॅटचं रजिस्ट्रेशन होऊच देऊ नका, विकणाऱ्याने आणून दिलेल्या कागदावर नको. ६५ च्या प्रकरणानंतर तर यावर वाद घालायला जागाच नाही. ज्यांना आधीच फसवलंय त्यांच्या बिल्डिंगींचं खरं स्ट्रक्चरल ऑडिट करा, जी उभी राहू शकते आणि जागा आरक्षित नाही तिच्याबद्दल वेगळा विचार करा, जी धोक्याची आहे ती रिकामी करा, पण आधी राहायला जागा द्या आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याच्या मालमत्तेतून वसूल करा. ठाण्यात किसननगरला क्लस्टरसाठी तुम्ही एवढा जोर लावलात, मग लोकांना आधी कुठे हलवायचं ही अडचण तुमच्या खात्याला नवीन नाही.

आणि या सगळ्यासाठी पालिकेत जबाबदार माणूस लागेल, ज्याला आम्ही निवडू आणि ज्याला आम्ही पाडू शकू. महापौर थेट निवडू द्या, मुदत पूर्ण पाच वर्षं द्या, आणि बांधकाम परवानगी नि अनधिकृत बांधकामावरची कारवाई याचं उत्तर द्यायची जबाबदारी त्याच्यावर टाका. आयुक्त हवेतच, कायदा-नियम कळणारं माणूस लागतंच, पण त्यांनी महापौराला उत्तर द्यावं आणि महापौराने आम्हाला. हे एकदम जमत नसेल तर निदान पुढच्या वेळी सोडत मतदानाच्या आधी काढा. त्याला पैसे लागत नाहीत.

काकांच्या प्रश्नाला त्या दिवशी ताईंना जे उत्तर द्यावं लागलं ते पुढच्या निवडणुकीत कोणाला द्यावं लागू नये असं मला फार वाटतं.

मावशी अजून त्याच घरात आहेत. हप्ता चालू आहे, नोटीस फाईलमध्ये आहे. मुलाचं लग्न जमवायचंय पण मुलीकडचे घर बघायला येतो म्हणाले की त्या काहीतरी कारण काढून पुढे ढकलतात. तुमच्या खात्यातल्या कोणाला ती फाईल बघायची असेल तर त्या स्वतः घेऊन यायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना. फक्त दुपारी दोननंतरची वेळ द्या, सकाळी त्यांची चार घरं असतात.

आपली नम्र,
एक डोंबिवलीकर