उत्तर बरोबर आले, पण अपूर्णांक कळला का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाचवी ते आठवीच्या गणिताचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘किती धडे झाले?’ तो सोडून दुसराच प्रश्न विचारून पाहावा, असे आम्हाला वाटते. वहीत १/२ + १/३ हे उदाहरण नीट सोडवलेल्या मुलाला वही मिटून विचारा: उत्तर अर्ध्याहून मोठे येणार की लहान? बरीच मुले इथे अडखळतात. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणाऱ्याला तर आपले उत्तर अर्ध्याहूनही कमी आहे, हे खटकतच नाही. त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसतेच. एका रेघेच्या वर-खाली लिहिलेल्या त्या दोन वेगळ्या संख्या असतात.

याचे मूळ बहुतेकदा वर्तुळाच्या चित्रात सापडते. ‘चार भागांपैकी तीन रंगवा’ इथवर ते चित्र चालते. पुढे ५/४ आला की मूल विचारते, चारांतून पाच कसे घ्यायचे? त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, कमी पडते ते चित्र. शिवाय हाताने वर्तुळाचे पाच समान भाग मोठ्यांनाही धड जमत नाहीत, आणि भाग समान नसले तर सगळे मुसळ केरात.

त्यापेक्षा कागदाची पट्टी घ्यावी. २४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद. ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंमी असते, त्यामुळे ती आडव्या कागदातून सहज निघते. २४ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ने पूर्ण भाग जातो. म्हणून १/२ म्हणजे १२ सेंमी, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/८ म्हणजे ३. खुणा करताना दोन चुका हमखास होतात. एक, मोजपट्टीच्या शून्याऐवजी तिच्या कडेपासून मोजणे. दुसरी, प्रत्येक भागासाठी मोजपट्टी उचलून पुन्हा ठेवणे. त्यात थोडीथोडी चूक साचत जाते आणि शेवटचा भाग तोकडा किंवा लांब येतो. तीन भागांसाठी मोजपट्टी एकदाच ठेवून ८ आणि १६वर खुणा कराव्यात. घडी घालून तीन भाग करायला सांगू नये, अंदाज चुकतो.

आता १/२ + १/३ म्हणजे १२ आणि ८ मिळून २० सेंमी. २४पैकी २०, म्हणजेच ५/६. पाच-सहा उदाहरणे झाली की १/३ + १/५ द्यावे. २४चे पाच समान भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये होत नाहीत, मुले अडतात. इथे उत्तर सांगायची घाई करू नये. ‘मग किती लांबीची पट्टी हवी?’ एवढेच विचारावे. कुणीतरी १५ म्हणते: ५ आणि ३ मिळून ८, उत्तर ८/१५. कुणी ३० म्हणाले तरी बिघडत नाही, १६/३० तेच आहे. सोयीची पट्टी शोधणे म्हणजेच लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) काढणे, हे त्या क्षणी समजते. समच्छेद करण्याची रीत फळ्यावर त्यानंतर लिहावी. आधी रीत दिली की पट्टी नुसती शोभेची उरते.

भागाकारात घोळ अधिक. ‘उलटा करा आणि गुणा’ ही रीत चुकीची नाही, पण ६ ÷ १/२ याचे उत्तर ३ लिहिणारे मूल ‘निम्म्याने भागणे’ आणि ‘निम्मे करणे’ यांत फरकच करत नसते. ‘सहात अर्धा किती वेळा बसतो?’ असे विचारले की १२ हे उत्तर अनेकदा तोंडीच येते. याबाबतीत मराठी मुलांचे नशीब चांगले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्यांच्याकडे आधीच असतात. ‘दीडमध्ये पाव किती?’ याला सहा हे उत्तर देणारे मूल ३/२ ÷ १/४ समोर बिचकते, तेव्हा अडचण लिपीची असते, गणिताची नसते. दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

एका सापळ्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. १ ÷ २/३ पट्टीवर मांडले, तर २४ सेंमीत १६ सेंमीचा तुकडा एकदा बसतो आणि ८ सेंमी उरतात. मुले लिहितात १ पूर्णांक १/३, कारण ८ सेंमी हा अख्ख्या पट्टीचा तिसरा भाग. पण मोजतो आहोत आपण १६ सेंमीच्या मापाने, आणि ८ हा त्याचा अर्धा. उत्तर दीड. उरलेला भाग कशाच्या तुलनेत सांगायचा, यावर एक अख्खी तासिका गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

दशांश अपूर्णांकांत ०.४५ हा ०.६पेक्षा मोठा मानणारी मुले असतात, कारण ४५ हा ६पेक्षा मोठा. ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ असे वाचायची सवय या चुकीला खतपाणी घालते. ‘चार दशांश, पाच शतांश’ असे वाचून घ्यावे. याच्या उलट समज असलेली मुलेही असतात: जितके अंक जास्त, तितकी संख्या लहान. या मुलांना वरचा प्रश्न अचूक येतो आणि शिक्षक फसतात. म्हणून ०.६ आणि ०.४५ यांच्या जोडीला ०.३ आणि ०.४५ यांचीही तुलना विचारावी. दोन्ही बरोबर आली तरच पुढे जावे. १०ने गुणण्याची युक्तीही इथे उलटते: ‘शून्य वाढवा’ म्हणून शिकलेले मूल २.५ × १० = २.५० लिहिते.

सातवी-आठवीतील समीकरणांची कुरबूर खरे तर बरोबर चिन्हापासून सुरू होते. ८ + ४ = ☐ + ५ यात चौकटीत १२ लिहिणारे मूल ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असे समजते. ३ + ५ = ८ × २ = १६ अशी साखळी वहीत दिसली, तर उत्तर बरोबर असले तरी ती तिथेच थांबवावी; ३ + ५ म्हणजे १६ नव्हे. या पायावर ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र दिला, की २क्ष + ३ = ११ वरून २क्ष = ८ पर्यंत गाडी ठीक येते आणि मग क्ष = ८ − २ = ६ होते. ‘दोन्ही बाजूंना २ने भागले’ यासारखे वाक्य प्रत्येक पायरीपुढे लिहून घेतले, तर ही चूक बरीच कमी होते. उत्तर परत समीकरणात घालून पाहायलाही लावावे: २ × ६ + ३ = १५, ११ नाही.

ऋण संख्यांत ‘ऋण ऋण धन’ हा गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीत घुसतो आणि −३ − ५ = ८ होते. नियम सांगण्याआधी संख्यारेषेवर −३पासून डावीकडे पाच पावले मोजून घ्यावीत.

परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत चुकीचे सोडवलेले एक उदाहरण द्यावे आणि ‘चूक कोणत्या पायरीत आहे व का, ते एका वाक्यात लिहा’ असे विचारावे. गुण दोन ठेवावेत: एक पायरी ओळखल्याचा, एक कारणाचा. सुरुवात १/२ + १/३ = २/५ पासूनच करता येईल.

आपले,
उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारे काही शिक्षक