जळीत कक्षासाठी ब्लड कल्चरच्या बाटल्या हव्या आहेत, आणि त्वचादातेही

भाजलेला रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांतून तरला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. जंतुसंसर्गाचा धोका मात्र त्यानंतरच वाढत जातो. जंतूंना अडवणारी त्वचा उरलेली नसते. वरच्या मेलेल्या थरात रक्त फिरत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेले प्रतिजैविक तिथवर पोहोचत नाही. त्या थरातून किंवा सेंट्रल लाइनवाटे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) जंतू रक्तात उतरतात: सुरुवातीला बहुधा स्टॅफिलोकॉकस, पुढे स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर.

मोठ्या जखमांत संसर्ग नसतानाही ताप असतो, नाडी वेगाने चालते. म्हणून नुसत्या लक्षणांवर विसंबता येत नाही, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी, करावीच लागते. प्रौढांसाठी दोन वेगळ्या जागांहून चार बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत ८ ते १० मिली रक्त, आणि शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी. बाटल्या कमी पडल्या की एकीवर भागवले जाते. मग कधी जंतू निसटतो. कधी त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू वाढतो आणि तो रक्तातला की बाहेरून आलेला हे ठरत नाही. रुग्णाला नको ती औषधे चालू राहतात.

आमच्या रुग्णसाहाय्य समितीला एरोबिक (ऑक्सिजनमध्ये वाढणाऱ्या जंतूंसाठी) व अनएरोबिक (ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठी) बाटल्या हव्या आहेत. प्रत्येक कंपनीची बाटली कल्चर तपासणाऱ्या प्रत्येक यंत्रात चालत नाही, तेव्हा खरेदीपूर्वी कक्षात विचाराच. त्याबरोबर त्वचा निर्जंतुक करायचे अल्कोहोलमधले २ टक्के क्लोरहेक्सिडीन, एकदाच वापरायचे गाऊन आणि सीलबंद हँडरब द्या. फुले कृपया नकोत, फुलदाणीच्या पाण्यात स्यूडोमोनास वाढतो. वापरलेली पांघरुणेही आम्ही घेत नाही.

याहून मोठी मागणी त्वचादानाची आहे. मेलेला थर लवकर काढून जखम झाकणे हाच संसर्गावरचा खरा उपाय, पण रुग्णाची स्वतःची त्वचा पुरत नाही तेव्हा दात्याची त्वचा तात्पुरते आवरण होते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत मांड्या, पाय व पाठीवरून अगदी पातळ थर घेतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस, रक्तातला जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा कर्करोग असल्यास त्वचा घेता येत नाही. इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी संमती त्यांनाच द्यायची असते.

बाटल्यांचे खोके थेट कक्षाच्या भांडारात द्या. उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. मुदत संपायला निदान सहा महिने शिल्लक असू द्या.