व्हॉलीबॉल फुटबॉलच्या दावणीला का? विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी इथे अमेरिकेत आपल्या विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून झालं ते आधी सांगते. गेल्या सोमवारी पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या मुलीचा मेसेज आला, 'पोचले'. पूर्व किनाऱ्यावरचा सामना रविवारी दुपारीच संपला होता. परतीचं पहिलं विमान उशिरा सुटलं, त्यामुळे पुढचं चुकलं, आणि अख्खी टीम विमानतळाच्या फरशीवर चार्जिंगच्या खोबणीभोवती बसून राहिली. सकाळी आठला तिची शरीररचनाशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. टेबलांवर हाडं आणि स्नायूंचे नमुने मांडलेले असतात, प्रत्येकासमोर एक मिनिट, घंटा झाली की पुढच्या टेबलावर. ती फोनवर म्हणाली, "आई, मनगटातली आठही हाडं मला झोपेत सांगता येतात गं, पण परवा समोरची चिठ्ठीच वाचता येईना."

नापास झाली. फेरपरीक्षा मागितली, तर विद्यापीठाने दिलेलं प्रवासाचं पत्र रविवारपर्यंतचंच निघालं. सोमवार पहाट त्यात नव्हती. बुधवारी तिला सल्लागारांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं की हा अभ्यासक्रम तुझ्या हंगामात बसत नाही, दुसरा विषय घे.

महोदय, तिला फिजिओथेरपिस्ट व्हायचं आहे. साताऱ्याला तिची आजी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. बरोबर उभं राहून तिला रोज दहा पावलं चालवणारी एक मुलगी घरी यायची. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे. आणि आता तुमची माणसं तिला विषय बदलायला सांगतात, कारण वेळापत्रक बदलता येत नाही!

संघाच्या प्रवासाबद्दल मी याआधी इंग्रजीत आपल्या कार्यालयाला पत्र पाठवलं होतं. अकराव्या दिवशी छापील उत्तर आलं, माझ्या मुलीचं नावही त्यात चुकलेलं. म्हणून आता मराठीत, सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्यातल्या कित्येक घरांत मुलींना कॉलेजच्या संघात खेळण्याची स्वप्नं पडतायत. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मुलगी अजून तिथे खेळते आणि तिची शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने ठरते. आपल्याला मात्र पुरतं कळेल की पत्र कुणाला आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये पालकांच्या ऑनलाइन सभेत आपण स्वतः तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. मी वहीत उतरवून घेतल्या, वही समोर आहे. लांबच्या प्रवासाला चार्टर विमान. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवास नाही. संघाबरोबर शिकवणारं माणूस. दोन हंगाम झाले. चार्टर फुटबॉलला, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला, मिळालं. आमच्या मुली साध्या विमानाने, मधे एक विमान बदलून जातात. माझी मुलगी सहा फूट एक इंच आहे आणि तिच्या वाट्याला मधली सीट येते. पाच-सहा तास गुडघे समोरच्या सीटला टेकवून बसायचं, उतरायचं, दुसऱ्या दिवशी नेटवर उड्या मारायच्या. रात्री हॉटेलच्या कपड्यांच्या पिशवीत बर्फ भरून ती गुडघ्याला बांधते. तो फोटो तिने मला पाठवला नव्हता, तिच्या मैत्रिणीने पाठवला. शिकवणारं माणूस अजून एकदाही विमानात चढलेलं नाही.

ज्या पालकांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथली विद्यापीठं गट करून आपापसांत खेळतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी कॉन्फरन्स होती बारा विद्यापीठांची पॅक-12. 1915 साली पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी एकत्र येऊन ती सुरू केली, तेव्हा नाव वेगळं होतं. शंभरावर वर्षं शेजारी शेजाऱ्याशी खेळला. पाचशेहून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं तिथल्या मुलामुलींनी जिंकली, आणि त्यातली कितीतरी पोहणं, टेनिस, व्हॉलीबॉल अशा खेळांतली, ज्यांना टीव्हीवाले विचारत नाहीत.

आम्ही हे बघूनच विद्यापीठ निवडलं होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये जेवणाच्या टेबलावर तिने संघात यायच्या करारावर सही केली तेव्हा मी नकाशा उघडून बसले होते. बहुतेक सामने आमच्याच वेळेच्या पट्ट्यात. जवळच्या दोन-तीन ठिकाणी आम्हाला गाडीने, धपाटे आणि दही घेऊन, सामना बघून त्याच रात्री परत येता येणार होतं. यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं तोवर बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे निघाली होती, तरी बाकीचे राहतील असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो गेलं. 4 ऑगस्टला, आम्ही मुलीला वसतिगृहात सोडून तीन दिवस झाले होते, एका दिवसात पाच विद्यापीठं गेली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 या आणखी एका कॉन्फरन्सकडे. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर वर्ग भरतात आणि खेळायला अटलांटिकच्या काठी जायचं! मागे राहिली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बारांपैकी दोन. आपलं विद्यापीठही त्या लाटेत गेलं आणि आम्हाला ते बातम्यांतून कळलं. ज्या मुलींच्या सह्या घेतल्या होत्या, त्यांना विचारणं तर सोडाच, एक फोनसुद्धा कुणी केला नाही.

कशासाठी गेलात, तेही लपलेलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलर्सच्या वरचा करार केला. त्यानंतर जो तो त्या ताटाकडे धावला. अटलांटिक कोस्टमध्ये शिरायला स्टॅनफर्ड आणि बर्कलीने सुरुवातीची सात वर्षं प्रक्षेपणाच्या पैशाचा जेमतेम 30 टक्के वाटा कबूल केला. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं त्या पैशावर पाणी सोडून प्रवेश मिळवला. हे सगळं फुटबॉलचं. फुटबॉलचा संघ हंगामात बाराएक सामने खेळतो, आठवड्यातून एक, बहुतेक शनिवारी. त्यातले निम्मे घरच्याच मैदानावर. त्याला लांबचा प्रवास झेपतो. व्हॉलीबॉल आठवड्यात दोन सामने खेळतं. सॉफ्टबॉलवाल्या मुली एका फेरीत तीन खेळतात. ज्या खेळाला झेपतं त्याच्यासाठी करार केलात आणि ज्यांना झेपत नाही त्यांना त्याच दोरीने मागे बांधलंत.

बिग टेनमधलंच अंतर बघा. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी जवळजवळ 3,900 किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई-दुबईच्या दुप्पट. त्यात घड्याळ तीन तास पुढे.

मी स्वतः कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळले आहे. आमच्याकडे पैसा नव्हता. वर्षाला एक ट्रॅकसूट, तोही परत करायचा. वेस्ट झोनसाठी वल्लभ विद्यानगरला गेलो तेव्हा रिझर्व्हेशन अर्ध्याच जणींचं झालं होतं, बाकीच्या दोन बाकांमधे चादर टाकून झोपल्या. पण झोन होते! पश्चिमेची विद्यापीठं पश्चिमेत खेळायची, त्यातून वर येणारे चार संघ पुढे अखिल भारतीय स्पर्धेला. आजही ती पद्धत तशीच आहे. ज्या देशात विद्यापीठाच्या खेळाडूला धड भत्ता मिळत नाही, तिथे कुणाला तरी एवढं कळलं की पोरांना उगाच देशभर फिरवू नये. आणि इथे, जगातल्या सगळ्यात श्रीमंत विद्यापीठांत, कुणाला कळलं नाही? कळलं होतं. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे विश्वस्तांनी, यूसीएलएला बिग टेनमध्ये जायची परवानगी दिली तेव्हा अट घातली, खेळाडूंच्या प्रवासावर, आहारावर, मानसिक आरोग्यावर जादा खर्च करा. दर वर्षी एक कोटी डॉलर्सच्या वर. पुढे त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेच्या नुकसानीसाठी वर्षाला एक कोटी डॉलर्स द्यायलाही लावले. काही बिघडणारच नव्हतं तर ही भरपाई कशाची होती?

आता तासांचा हिशेब बघा. एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संस्था, हिचा नियम आहे की खेळाडूकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त खेळाचं काम घ्यायचं नाही. पण प्रवास त्या 20 तासांत धरत नाहीत. सामन्याचा अख्खा दिवस तीन तास धरतात. गेल्या फेरीत मुलगी गुरुवारी पहाटे पाचला निघाली आणि सोमवारी पहाटे तीन-चाळीसला परतली. जवळजवळ 95 तास झाले. कागदावर दोन सामन्यांचे सहा तास. मी एका लॅबमध्ये रात्रपाळी करते. माझ्या तासांचा हिशेब असा कुणी लावला असता तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता. तिला राजीनामाही देता येत नाही, शिष्यवृत्ती जाते.

या सगळ्याचं मूळ 1984 सालात आहे. तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो अधिकार काढून घेतला. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक बायरन व्हाइट. ते स्वतः कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते, म्हणजे ज्याने मैदान पाहिलं होतं त्याला पुढचं दिसत होतं. तेव्हापासून ज्याचा त्याचा बाजार सुरू झाला. 1961 च्या कायद्याने व्यावसायिक लीगना प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकायची मुभा आहे, कॉलेजांना ती नाही. संसदेत चाळीस वर्षांत कितीतरी सुनावण्या झाल्या असतील. समित्या बसतात, प्रशिक्षक येऊन गळा काढतात, सिनेटर आपापल्या संघाच्या आठवणी सांगतात, उठतात. बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सगळ्यात जास्त पगार कुणाला? गव्हर्नरला नाही, डॉक्टरला नाही, फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला काढलं आणि घरी बसण्याचे साडेसात कोटी डॉलर्सच्या वर कबूल केले. तेवढ्यात आमच्या मुलींची चार्टर विमानं किती वर्षं उडाली असती? 2025 पासून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलर्सपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळावेत, मी आनंदाने म्हणते. पण तोही फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या घरात जाणार, आणि खड्डा भरायला धावणारे, पोहणारे, उड्या मारणारे कापणार. वॉशिंग्टन स्टेटने 2025 मध्ये मैदानी खेळांतले उड्यांचे आणि फेकीचे प्रकार बंद केले, वेगाचे आणि अडथळ्यांचे कमी केले आणि भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. ते विद्यापीठ कुणाला सोडून गेलं नव्हतं. सोडून गेले होते बाकीचे. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे ओलंच आधी जळलं.

आपण म्हणाल, दुसरा इलाज नव्हता. तसं नाही. नोटर डेमचा फुटबॉल कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही आणि बाकीचे बहुतेक खेळ 2013 पासून अटलांटिक कोस्टमध्ये आहेत. कनेटिकटने 2020 मध्ये फुटबॉल स्वतंत्र ठेवून बाकीचे खेळ बिग ईस्टमध्ये, आपल्या जुन्या शेजाऱ्यांत, परत नेले. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने फुटबॉलचे सामने एकीकडे जुळवले आणि त्यांच्या मुली वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये, घराजवळ खेळल्या. पश्चिमेतल्याच माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशनमध्ये 1992 पासून वेगवेगळ्या कॉन्फरन्सची विद्यापीठं वॉटरपोलो आणि पुरुषांचं व्हॉलीबॉल एकत्र खेळतात. मुलांचं व्हॉलीबॉल जवळ खेळता येतं, मग मुलींचंच देशभर का न्यावं लागतं? फुटबॉलला जिथे पैसा आहे तिथे खुशाल जाऊ द्या. कोण अडवतंय?

आपण उंटावरून शेळ्या हाकता आहात, महोदय. आपल्या मंडळाच्या बैठकीची कागदपत्रं मी वाचली. त्या दिवशीच्या 200 पानांत 'व्हॉलीबॉल' हा शब्द मला दोनदा सापडला, दोन्ही वेळा खर्चाच्या तक्त्यात.

माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या कराराच्या बोलणीत फुटबॉल सोडून बाकीच्या खेळांचे सामने पश्चिमेतच ठेवण्याचा ठराव मंडळासमोर आणा आणि त्यावर नावानिशी मतदान घ्या. प्रवासाचं पत्र मुलगी खोलीवर पोचून आठ तास झोपेपर्यंत लागू धरा. सल्लागारांना लेखी कळवा की हंगामासाठी कुणालाही विषय बदलायला सांगायचं नाही.

आणि त्या परीक्षेचं. प्राध्यापिका बाई फेरपरीक्षा घ्यायला तयार आहेत. त्यांना आपल्या कार्यालयाची एक सही हवी आहे, शुक्रवारी पाचच्या आत. परीक्षेच्या दिवशी संघ पुन्हा पूर्वेला असेल, पण मुलगी म्हणाली आहे की सही मिळाली तर ती हा सामना सोडेल. तीन वर्षांत तिने एकही सामना सोडलेला नाही.

आपली,
एका खेळाडूची आई