दिवा खाली आणणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

घरात ट्रेमध्ये पेरलेलं टोमॅटोचं बी आठवड्याभरात उगवलं तेव्हा मी हरखून गेले होते. रोपं भराभर उंच होत होती आणि मला तो जोम वाटत होता. तुम्ही एका रोपाचा दोऱ्यासारखा देठ बोटावर हलकेच तोललात आणि म्हणालात, "ही वाढत नाहीयेत गं, उजेडामागे धावताहेत." खोलीत एवढा लख्ख उजेड असताना हे मला पटेना. मग तुम्ही फोनमधलं उजेड मोजणारं ॲप उघडलंत. दुपारच्या उघड्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स, आणि माझ्या ट्रेवर जेमतेम काही शेकडे! आपले डोळे मंद उजेडाला सरावतात, रोपाला ती सोय नाही, हे त्या दोन आकड्यांनी मला कायमचं शिकवलं.

मी रोपांसाठी मिळणारे महागडे जांभळे दिवे घ्यायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. साधीच 6500 केल्विनची (हा उजेडाच्या रंगाचा आकडा) पांढरी ट्यूब, पण रोपांच्या शेंड्यांपासून जेमतेम 10 सेंटिमीटरवर, आणि रोपं वाढतील तशी साखळीची एकेक कडी वर. ट्यूबखाली हाताची पाठ धरून ऊब किती लागते ते पाहायलाही तुम्हीच शिकवलंत. पुढे एलईडी पॅनल आणलं तेव्हा ते एवढं जवळ टांगू नकोस, पानं पांढुरकी पडतील, असं आठवणीने बजावलंत. टायमर तुमचाच: 16 तास उजेड, 8 तास अंधार. टोमॅटोला अखंड उजेड दिला तर पानं पिवळी पडतात, हे मला माहीतच नव्हतं. जास्त म्हणजे चांगलं असंच मी धरून चालले होते.

आणि ती सकाळ. अर्धा ट्रे आडवा, देठ मातीलगत पिचलेले. मी रडवेली होऊन फोन केला आणि तुम्ही हातातलं काम टाकून आलात. मातीतली बुरशी, सततचा ओलावा आणि कोंडलेली हवा, एवढं निदान तुम्ही ट्रेवरचं झाकण उचलताच केलंत. रोपं उगवल्यावरही मी झाकण काढलं नव्हतं. पडलेली रोपं मातीसकट काढून टाकायला लावलीत. तेव्हापासून पाणी खालच्या ताटलीतून देते, तेही वरची माती सुकल्यावरच, आणि छोटा पंखा मंद फिरत असतो. त्या झुळकीने देठही जाड होतात, हे आता रोज डोळ्यांनी पाहते.

त्या दिवशी तुम्ही माझी चूक एकदाही उगाळली नाहीत. उरलेली अकरा रोपं मोजलीत आणि म्हणालात, "अकरा पुष्कळ झाली." काकू, त्या वाक्यासाठी सगळ्यात जास्त आभार.

त्या अकरांना खरी पानं (बीतून निघालेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटल्यावर, देठाला न धरता पानाला धरून, मोठ्या कुंड्यांत हलवलं. देठ मातीत खोलवर पुरला, तिथूनही मुळं फुटतात म्हणालात ना. कालपासून ती बाहेर जायला लागली आहेत: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, आज दोन तास. आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात ठेवेन. त्यातल्या दोन कुंड्या तुमच्यासाठी बाजूला काढल्या आहेत. टायमर मात्र अजून थोडे दिवस राहू द्या, मिरचीचं बी कालच पेरलंय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची