नाचाचा तास मैदानावर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठात नृत्याची पदवी मिळते याचे आज कोणाला नवल वाटत नाही. अमेरिकेत ती वाट पहिल्यांदा पडली १९२६ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठात. ती पाडणाऱ्या प्रा. मार्गारेट एच'डब्लर नर्तकी नव्हत्या. जीवशास्त्राच्या पदवीधर, मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या! त्यांच्या विभागप्रमुख ब्लांच ट्रिलिंग यांनी त्यांना १९१६ मध्ये न्यूयॉर्कला धाडले, ते महाविद्यालयीन मुलींना शिकवण्याजोगे नृत्य शोधायला. तिथले बहुतेक वर्ग बाईंना पटले नाहीत. १९१७ मध्ये परत येऊन त्यांनी स्वतःचीच पद्धत बसवली.

बाई मुलींना आधी जमिनीवर आडवे व्हायला सांगत. उभे राहिले की निम्मे लक्ष तोल सांभाळण्यातच जाते. आडवे झाल्यावर मणका कुठून वळतो, खांदा सांध्यात किती फिरतो हे नीट उमगते. वर्गात हाडांचा सांगाडा असे. बाई स्वतः करून दाखवत नसत, कारण मुली नक्कल करतील. कधी तर डोळ्यांवर पट्ट्याही बांधायला लावत. पुढे नावारूपाला आलेल्या नृत्यकार ॲना हॅलप्रिन त्यांच्याच विद्यार्थिनी. १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत बाई तिथेच शिकवत राहिल्या.

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आपल्याकडे नाच येतो तो स्नेहसंमेलनापुरता. बाहेरून कोणी येऊन सिनेमाच्या गाण्यावर स्टेप बसवून देतो. बुजरी मुलगी शेवटच्या रांगेत उभी राहते आणि पुढचीकडे बघत अर्धा ठोका उशिरा हात उचलते. तालमीत तिला ओरडा बसतो, कधी वगळलेही जाते. याच मुलीला नाचाची सर्वांत जास्त गरज असते, असे माझे ठाम मत आहे. आमच्या तासाला लेझीम आहे, ठेका अंगात भिनवायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. पण तिथेही सगळे हुकमावर, एका साच्यात.

शिक्षण विभागाने शारीरिक शिक्षणाच्या तासिकांपैकी आठवड्याला एक तरी नाचासाठी राखावी. ती सगळ्यांसाठी असावी, मुलग्यांसकट, आणि तिला ना स्पर्धा असावी ना प्रेक्षक. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, विद्यार्थ्यांनाही हे शिकवावे लागेल, कारण आम्हाला ते कोणी शिकवले नाही. आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत एच'डब्लर यांच्या पद्धतीवर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, सातारा