काकांना, त्या तीस सेकंदांबद्दल

प्रिय काका,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, नळी बघितलीस का?" म्हणून विषय बदलता. नाव लिहीत नाही. आपल्या नेमबाजी क्लबात सगळे तुम्हाला काकाच म्हणतात. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी एक कबुली. तुमच्याबद्दल मी याआधीही एक पत्र लिहायला घेतलं होतं. ते तक्रारीचं होतं. अर्धं झालं होतं आणि त्यात 'चारचौघांत अपमान' हे शब्द दोनदा आले होते.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. ट्रॅपची फेरी, म्हणजे मशीनने हवेत फेकलेल्या चकत्या (क्ले) शॉटगनने फोडायच्या; त्यातली अकरावी क्ले. मी 'पुल' म्हटलं (चकती सोडायची हाक), चकती निघाली, मी चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. तोवर दहापैकी आठ फुटल्या होत्या, हात चांगला बसला होता, त्यामुळे मला पहिला राग आला तो काडतुसाचा. "काका, ही उडालीच नाही," असं म्हणत मी सरळ मागे वळलो. बंदूक बंद, बोट चापावर, नळ्या आडव्या. मागच्या बाकावर चौघं बसले होते.

तुम्ही ओरडला नाहीत. समोरून न येता बाजूने आलात, नळ्यांखाली पंजा घालून त्या वर उचलल्यात आणि मला खांद्याला धरून पुन्हा मैदानाकडे वळवलंत. मग मोठ्याने आकडे मोजायला लागलात. एक, दोन, तीन. तिसापर्यंत. त्या वेळी मला वाटलं, हे नाटक माझ्यासाठी चाललंय. तीस झाल्यावर बंदूक उघडायला सांगितलीत, काडतुसं काढून घेतलीत आणि म्हणालात, "आज पुरे. पुढचे चार रविवार चकत्यांच्या मशीनवर ये. बंदूक आणायची नाही."

घरी जाऊन मी ते तक्रारपत्र लिहायला बसलो.

आज त्या पत्रातला एकेक मुद्दा आठवला की कान गरम होतात. पहिला मुद्दा होता, 'काडतूस उडालंच नव्हतं, मग धोका कसला?' तुम्ही चौथ्या रविवारी, मशीनच्या खड्ड्यातून वर आल्यावर, पाण्याची बाटली पुढे करत सांगितलंत ते मी कधी विसरणार नाही. न उडालेलं काडतूस मेलंय की नुसतं अडखळलंय हे बाहेरून कळत नाही. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टोपीवर पिनचा ठसा उमटतो, आतली दारू पेट घ्यायला रेंगाळते आणि क्वचित काही क्षणांनी बार होतो. त्या क्षणी नळीचं तोंड जिकडे असेल तिकडे सगळं जातं. म्हणून तीस सेकंद, आणि म्हणून तोंड मैदानाकडेच. पण खरी गंमत (याला गंमत म्हणायचं असेल तर) पुढे होती. ट्रॅपला एका क्लेवर दोन बार मारता येतात, म्हणून मी दोन काडतुसं भरली होती. माझ्या दुनळीचा चाप मेकॅनिकल. पहिली नळी उडो न उडो, पुन्हा ओढला की दुसरी उडणारच. म्हणजे मी 'उडालीच नाही' म्हणत वळलो तेव्हा दुसऱ्या नळीत अख्खं, धडधाकट काडतूस होतं, सेफ्टी पुढे सारलेली, म्हणजे निघालेली होती आणि माझं बोट चापावर होतं. चोवीस ग्रॅम शिसं, तीनशेच्या आसपास छर्रे. पस्तीस मीटरवर ते पसरून चकतीला पकडतात; बाकाएवढ्या अंतरावर पसरायला त्यांना वेळच मिळाला नसता.

हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. चार रविवार थांबून सांगितलंत, तेव्हा वाद घालायला तोंड उरलं नव्हतं.

ते चार रविवार मला शिक्षा वाटले होते. तिथेच मी सगळ्यात जास्त शिकलो. बाहेरून आपल्याला दिसते ती नारिंगी चकती, साधारण अकरा सेंटिमीटरची, शंभर-एकशेपाच ग्रॅमची, डांबर आणि चुनखडीची. पण तिला फेकणारा तो लोखंडी हात जवळून बघितला की पोटात गोळा येतो. "वीज बंद केली म्हणजे स्प्रिंग सैल झाली असं समजू नकोस," हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी तीन वेळा म्हणायला लावलंत, पाढ्यासारखं. मशीनकडे मागूनच जायचं, हाताच्या फिरत्या कक्षेत डोकं घालायचं नाही, आधी ताण मोकळा करायचा, मगच अडकलेला तुकडा काढायचा. आणि लाल झेंडा. जो आत जातो तो झेंडा लावतो आणि तोच बाहेर आल्यावर काढतो. दुसऱ्या कोणीही, अगदी क्लबच्या अध्यक्षांनीही, हात लावायचा नाही. झेंडा वर असेपर्यंत वरच्या सगळ्या बंदुका उघड्या आणि रिकाम्या. खड्ड्यात बसून डोक्यावरची पावलं ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की उघडी बंदूक पाहून किती हायसं वाटतं. ती रिकामी आहे हे कोणाला विचारावं लागत नाही, लांबूनच दिसतं. माझ्या तक्रारीचा दुसरा मुद्दा नेमका हाच होता, 'चालताना सतत बंदूक मोडून (म्हणजे नळ्या खाली पाडून, उघडी) धरायला लावतात.' असो.

वीस बोअरचं ते प्रात्यक्षिक तुम्ही नव्या लोकांना दाखवता तेव्हा मी अजूनही जवळ येऊन उभा राहतो. (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद.) कवायतीचं रिकामं पिवळं काडतूस बारा बोअरच्या नळीत सोडायचं. ते आत घसरतं आणि जिथे नळी निमुळती होते तिथे अडकून बसतं. मागून घाईत पाहिलं तर जागा रिकामी वाटते, बारा बोअरचं काडतूस तिच्यात आरामात बसतं. पुढे काय होईल ते तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, नुसते दोन्ही तळहात एकमेकांपासून फाकवता. त्यानंतर कोणाच्या खिशात दोन्ही बोअर एकत्र सापडले आहेत असं मला आठवत नाही. वीस बोअरची काडतुसं सहसा पिवळी का असतात, याचं कारण मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्याआधी एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची राहून गेली. एका फेरीत माझा बार फुसका वाजला, धक्काही नेहमीसारखा नव्हता. चकती तशीच पुढे गेली. पुढची क्ले मागायची सवय असते, ओठांवर 'पुल' आलंच होतं. थांबलो, तोंड मैदानाकडे ठेवून थोडा वेळ गेल्यावर बंदूक उघडली, काडतुसं काढली, मागच्या बाजूने नळीतून आकाश बघितलं. दिसलं नाही. काडतुसात दारू आणि छर्‍यांच्या मध्ये असतं ते प्लॅस्टिकचं बूच नळीत मध्येच अडकून बसलं होतं. पुढचा बार मारला असता तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि त्या जागी माझा डावा हात होता. सळईने बूच बाहेर काढलं तेव्हा मला तुमचा तो कंटाळवाणा प्रश्न ऐकू आला. "नळी बघितलीस का?" बघितली, काका.

सगळेच नियम मला असे पटले आहेत असं नाही. मैदानापलीकडे तीनशे मीटर मोकळे ठेवण्यावरून आपला वाद झाला होता, त्यात मी हरलो, कारण बारीक छर्रासुद्धा दोनशे मीटरच्या आसपास जातो, जाड असेल तर आणखी पुढे, आणि वारा कोणाच्या बाजूने असेल ते कोणी लिहून देत नाही. पण डोक्यावरच्या टोपीच्या झडपेची लांबी तुम्ही मोजता, ते अजूनही मला अति वाटतं. चष्म्याचं मात्र पटलं. स्कीटच्या (क्ले मारण्याच्याच दुसऱ्या प्रकाराच्या) आठव्या स्टेशनवर चकती अंगावर येते आणि डोक्याजवळ फुटते. तिची एक कपची माझ्या काचेवर टिचून गेली त्या दिवसापासून मी स्वतःच दोन जोड ठेवतो.

कानांबद्दल तुम्ही फारसं बोलत नाही. एकदाच म्हणालात, तुमच्या तरुणपणी कोणी कान झाकत नसे, झाकले तर हसत असत. शॉटगनचा बार दीडशे डेसिबलच्या वर जातो. तुमच्या डाव्या कानातली शिट्टी आता रात्री जास्त वाजते, हे काकूंकडून कळलं. त्यानंतर मी आधी बोळे आणि वरून मफ असे दोन्ही घालतो. चेष्टा होते. होऊ दे.

माझ्यावर चारचौघांत ओरडून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. बहुतेक जण तेच करतात, आणि मग माणूस ओरडणं लक्षात ठेवतो, कारण विसरतो. तुम्ही मला चार रविवार दिलेत, ते तुमचेही रविवार होते. त्या महिन्यात तुम्ही स्वतः एक क्लेही मारली नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्याबद्दल हे आभार.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला खड्ड्यात उतरायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, हे कळलं. मशीनची पाळी आता मी घेतली आहे. तुम्ही वर खुर्ची टाकून बसा. मी बाहेर येऊन स्वतः झेंडा काढेपर्यंत कोणाची बंदूक बंद होत नाहीये ना, एवढं बघा.

तुमचा,
अकराव्या क्लेवाला