फ्रेंच शिकतेय, पण बोलू कुणाशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ६२ वर्षांची, अंबाजोगाईची. पोस्टल असिस्टंट म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी एका मुक्त विद्यापीठात दूरशिक्षणाने फ्रेंचच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातलं. ‘मावशी, पॅरिसला निघालात का?’ हे कॉलनीत, बँकेत आणि योगेश्वरीच्या देवळात मिळून इतक्या जणांनी विचारलंय की आता मी ‘हो, परळीहून गाडी आहे’ एवढंच सांगते.

खरं कारण पोस्टातलंच. युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही जगभरच्या टपालखात्यांची संघटना, आणि तिची अधिकृत भाषा फ्रेंच. संघटना १८७४ची, भारत तिच्यात १८७६ साली गेला. परदेशी टपालाबरोबर ही भाषा माझ्या टेबलावर रोज येऊन पडायची आणि मला तिचं अक्षर कळत नव्हतं. निळ्या चिठ्ठीवरचं ‘पार आव्हियों’, म्हणजे विमानाने, मी आयुष्यभर ‘पर एव्हिऑन’ म्हणत चिकटवलं. आमचे पोस्टमास्तरही तसंच म्हणायचे.

परत आलेल्या पाकिटावर कारणाच्या चौकटी असतात. एकदा जेद्द्याहून एक पत्र परत आलं. चिठ्ठीवर अरबी आणि फ्रेंच, खूण एका चौकटीत. ज्या बाईनं ते मुलाला पाठवलं होतं ती काउंटरवर आली आणि विचारू लागली, काय लिहिलंय? मी म्हटलं, परत आलं, एवढंच. ‘पार्ती साँ लेसे दाद्रेस’ म्हणजे पत्ता न ठेवता निघून गेला, हे मला निवृत्तीनंतर, अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या महिन्यात शब्दकोशात सापडलं. ती बाई आता नाही.

पुस्तकांचं पार्सल मला माझ्याच जुन्या काउंटरवरून मिळालं. सही करताना नवी मुलगी म्हणाली, मॅडम, आधार कार्ड दाखवा.

अभ्यास वाटला होता तितका परका निघाला नाही. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘कात्र व्हँ’ म्हणतात, म्हणजे चार विसा. सत्त्याण्णव म्हणजे चार विसा सतरा. हे वाचलं आणि मला आमची आत्या दिसली. ती गोवऱ्या विसांनीच मोजायची, ‘चार विसा न् वर सतरा’. तिला शाळा नव्हती म्हणून आम्ही हसायचो. लिंगाचा मात्र ताप आहे. तरी त्यांची दोनच, आपली तीन. ‘ला पोस्त’ म्हणजे टपालखातं, ते स्त्रीलिंगी. ‘ल पोस्त’ म्हणजे हुद्दा, तो पुल्लिंगी. हा नियम मला पुस्तकाआधीपासून ठाऊक होता.

राहिला र चा उच्चार. अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं. माझ्या वडिलांची शाळा उर्दूत झाली. ते ‘काग़ज़’ म्हणत तेव्हा त्यातला ग घशातून यायचा. फ्रेंच र जवळपास तिथूनच निघतो. मी स्वयंपाकघरात वडिलांचा कागद आठवत र काढते. पण तो बरोबर निघाला की नाही, हे सांगणार कोण? मोबाइलवर ऐकायला हवं तेवढं मिळतं. माझं ऐकून घेणारं कुणी नाही.

त्यासाठी संपर्क सत्रं, म्हणजे केंद्रावर समोरासमोर बसून शिकायचे तास, असतात, कागदावर. माझं केंद्र छत्रपती संभाजीनगरला. एसटीचं अर्ध तिकीट आहे म्हणून पैशाचं काही नाही, पण पाच-सहा तास जायला आणि तेवढेच यायला. पहिल्या वेळी शिपाई म्हणाला, बाई, विद्यार्थी कमी, सत्र रद्द. दुसऱ्या वेळी आधी फोन केला. ‘आहे’ म्हणाले. गेले तर खोलीला कुलूप. चहा पाजला, तेही नमूद करते.

त्या दुसऱ्या वेळी जिन्यात एक मुलगा बसलेला दिसला. खुलताबादचा. वेरूळला परदेशी पाहुण्यांचा गाइड व्हायचंय त्याला. तोही याच सत्राला आलेला. आम्ही दोघं पायरीवर बसून अर्धा तास फ्रेंच बोललो. नाव काय, घरी कोण कोण, चहा आवडतो की कॉफी. तो मला ‘व्हू’ म्हणाला, मी त्याला ‘त्यू’. अहो-जाहो आणि अरे-तुरे आपल्यात आहेच, ते कुणी शिकवायला लागलं नाही. वर्षभरात दुसऱ्या माणसाशी माझं फ्रेंच बोलणं झालं ते एवढंच.

पुढे पुण्याला जाऊन फ्रान्स सरकारची डेल्फ ए-१ ही फ्रेंचची पहिल्या पायरीची परीक्षा द्यायचा विचार आहे. तिथं ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना २५-२५ गुण. एकूण ५० पडले की पास, पण चौघांपैकी एकातही ५च्या खाली गेलात तर बाकीचे गुण उपयोगाचे नाहीत. बोलण्याच्या परीक्षेत खोट्या पैशांनी खरेदी करून दाखवायची असते. मी सगळा जन्म काउंटरच्या आतल्या बाजूला काढला, बाहेरच्या बाजूनं बोलायची सवय कुणी तरी माझ्याकडून करून घ्यायला नको का?

एका केंद्रावर पुरेसे विद्यार्थी जमत नाहीत, हे मला मान्य आहे. पण मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळूनही जमत नसतील? रविवारी सकाळी तासभर सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर घ्या. ज्यांच्याकडे नेट टिकत नाही त्यांना तालुक्याच्या कॉलेजातली एक खोली उघडून द्या. तेही होत नसेल तर आम्हाला विचारून आमचे नंबर एकमेकांना द्या. जिना आमचा आम्ही शोधू.

आणि सत्र रद्द झालं तर आधी कळवा. पोस्टकार्ड अजून ५० पैशांतच मिळतं.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
अंबाजोगाई, जि. बीड